घडीवर विरलेली

सुरेखानं बोट जिभेला लावलं, साडीच्या काठावर घासलं आणि पांढऱ्या रुमालावर टेकवलं. रुमालावर गुलाबी डाग उमटला.

"फकिराभाऊ, ही पहिल्याच पाण्यात अख्खी बादली रंगवंल."

"वहिनी, आहेराची साडी कोण धुतंय? या घरातून त्या घरात जाती. फिरत राहती."

"माझ्या हातची जाती तिथंच राहती. बाया नेसतात. तो खालचा गठ्ठा सोडा."

"तुम्ही आल्या की माझा दिवसच खराब," म्हणत फकिरानं गठ्ठा सोडला. पैठण गेटजवळच्या बोळात तो सुरतेचा माल घेऊन बसायचा, आणि खरेदीला आलेल्यांत त्याला भीती फक्त हिचीच. एकवीस वर्षं पुंडलिकनगरात फॉल-पिको करून तिच्या बोटांना कापड वाचता यायला लागलं होतं. उजेडात धरून वीण बघायची, उलटून जर बघायची, मुठीत चुरगाळून सोडायची. स्वस्तातली पण चारचौघांत भारी दिसणारी साडी तिनंच निवडावी. आख्ख्या भावकीतल्या बाया लग्न ठरलं की आधी तिला फोन करायच्या.

या वेळचा फोन मात्र दीपमालाचा होता. मोठ्या जावेचा.

"आमच्या अमृताच्या लग्नातल्या आहेराच्या चाळीस साड्या तूच आण बाई," ती म्हणाली होती. "बंगल्याच्या हप्त्यांनी हात आखडलाय, पण दिसायला कमी नको. अन् व्याहीणबाईंची मानाची एक. तुझ्यासारखी नजर कुणाची नाय."

"आणते की ताई," सुरेखा म्हणाली होती. फोन ठेवल्यावर तिनं लोखंडी कपाट उघडलं आणि तळातून एक पिशवी काढली. नऊ वर्षं ती पिशवी तिथंच होती.

त्या पिशवीत मोरपंखी रेशमी साडी होती. दीपमालाच्या वास्तुशांतीला तिनंच दिलेली. सगळ्या बायांसमोर ओटी भरून म्हणाली होती, "आमच्या सुरेखाला भारीतली." सुरेखाला काय आनंद झाला होता! त्याच संध्याकाळी अंगणात कीर्तन होतं, म्हणून लगेच नेसून बसली. रेशीम वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलं की घडीवर विरतं, हे तिला माहीत होतं. पण जावेनं दिलेली साडी उजेडात धरून कोण बघतं? आरती झाली. महाराजांच्या पायावर डोकं ठेवायला ती वाकली आणि साडी कमरेपासून खाली चर्र करत फाटली. मृदंग नेमका तेव्हाच थांबला होता. सगळ्यांनी ऐकलं.

दीपमाला हसली. "भारी साडी नेसायची सवय नसली की असं होतं गं."

मग बाया हसल्या. सुरेखा पाठीमागे हात धरून, भिंतीला पाठ घासत घराबाहेर पडली. त्यानंतर तिनं कीर्तन कधी चुकवलं नाही, पण दीपमालाच्या अंगणातल्या कीर्तनाला ती पुन्हा गेली नाही. विरलेली आहे हे माहीत असूनच दिली होती, हे तिला नंतर नणंदेनं, मंजुषानं सांगितलं. "उंदरानं खाल्लेली भांडेवालीला दिली अन् विरलेली तुला," असं.

फकिराकडचा माल घरी आणल्यावर दुसऱ्याच दुपारी ती मशीनशी बसली. मोबाइलवर कीर्तन लावलं होतं. महाराज क्षमेवर बोलत होते, टाळ-मृदंगाच्या साथीत शब्द कसे घोळवत होते! सुरेखाचे डोळे भरून आले. मोबाइलकडं बघून ती म्हणाली, "खरंय महाराज. पण तुम्हाला जाऊ नाय ना."

आणि सुईत दोरा ओवला.

जुना काठ उसवून तिनं नवा लावला. पदराला गोंडे केले. दिसेल तिथं असं रफू घातलं, की तिलाच शोधायला लागावं. पण कमरेखालच्या घडीवर तिनं रफू घातलं नाही. तिथं फक्त कच्चा टाका मारला, खळ दिली आणि साडी रोल प्रेसला पाठवली. नुसतं उभं राहिलं तर टिकली असती. बसलं, वाकलं की संपलं.

ही तिनं मानाच्या साडीच्या खोक्यात ठेवली. व्याहीणबाईची साडी भर मांडवात फाटेल आणि लोक विचारतील, दिली कुणी? दीपमालाच्या तोंडाला काळं. अमृताचा विचार मनात आला, की ती फोनचा आवाज वाढवायची.

बंगल्यात गठ्ठे उघडले तेव्हा दीपमाला हरखली. "एवढ्यात एवढ्या भारी? लोकांना काय सांगू, किती किती घातले?" मग तिनं खोकं उघडलं. मोरपंखी रंगावरून हात फिरवला. सुरेखा बघत होती. देणाऱ्या बाईला काहीच आठवलं नाही.

"ही व्याहीणबाईंना? येडी का काय तू! ही मीच नेसणार. त्यांना ती जांभळी दे."

सुरेखानं मनोमन हात जोडले. एवढं तर तिनं मागितलंही नव्हतं.

बीड बायपासवरच्या मंगल कार्यालयात दुपारी लग्न लागलं. कन्यादान दीपमालानं सकाळच्या पिवळ्या साडीत केलं. जेवणं झाल्यावर मोरपंखी नेसून ती स्टेजवर आली. पिवळी बॅगेत घालून गाडीनं घरी रवानाही झाली होती. बाया साडीचा पदर हातात घेऊन बघत होत्या. "कुठून घेतली? येवल्याची का?"

दीपमाला सोफ्याकडं वळली, तेवढ्यात सुरेखानं मागून तिचा दंड धरला आणि कानाशी तोंड नेलं.

"ताई, साडी वळखली का?"

"कोणती?"

"तुमच्या वास्तुशांतीची. मला दिल्ती ना. काठ बदललाय फक्त. घडीवर कच्चा टाका आहे, बसू नका."

दीपमालाचं हसू तोंडावरच राहिलं. आत गेलं नाही, बाहेर आलं नाही.

"वाकू पण नका," सुरेखा म्हणाली. "भारी साडी नेसायची सवय नसली की असं होतं."

मग ती खाली येऊन पहिल्या रांगेत बसली. मठ्ठ्याचा ग्लास हातात घेतला आणि एकेक घोट घेत बघत राहिली.

"बसा की व्याहीणबाई!" जांभळी साडीवाली म्हणाली.

"नाय, बरंय. पाय मोकळे होतात."

गंगापूरहून नव्वदीचे मामा आले. सगळे पाया पडले. दीपमालानं ताठ उभं राहून नुसते हात जोडले. मामा मंजुषाला म्हणाले, "बंगला झाल्यापासून हिची मान वाकंना का?" ते सुरेखाला खाली ऐकू आलं. दीड तास दीपमाला दोन्ही हात मागं धरून उभी होती. कपाळावरचा घाम पुसायलाही तिनं हात पुढं घेतला नाही. सुरेखाला मठ्ठा नऊ वर्षांत इतका गोड लागला नव्हता.

पाठवणीला बँड सुरू झाला. अमृता आधी काकूच्या पाया पडली. "काकू, सासूबाई साड्यांवर लई खूश आहेत," म्हणाली आणि गळ्यात पडून रडली. तिचा ब्लाऊज सुरेखानंच शिवला होता. दंडावरची शिवण तिनं उगीच बोटानं सारखी केली.

मग अमृता आईच्या पायाशी बसली. दोन्ही पाय धरले, डोकं टेकवलं, आणि उठेचना. "आई," म्हणाली. "आई गं."

दीपमाला ताठ उभी होती. सगळे बघत होते. कॅमेरा समोर होता. तिनं लेकीच्या डोक्याकडं बघितलं, मग मान वळवून सुरेखाकडं. त्या नजरेत विनवणी असती तर सुरेखाला बरं वाटलं असतं. दीपमालानं नुसतं बघितलं आणि मागचे हात सोडले.

ती वाकली. दोन्ही हातांनी लेकीला उचलून छातीशी धरलं.

टाका गेला. बँड वाजत होता, म्हणून कुणाला ऐकू आलं नाही. सुरेखाला आलं. तो आवाज तिच्या ओळखीचा होता.

पुढं कशी गेली ते तिला कळलं नाही. जावेच्या मागं तिला चिकटून ती उभी होती. एक हात पाठीवर, दुसऱ्या तळव्याखाली फाटलेलं रेशीम. तिच्या स्वतःच्या मंगळसूत्राला अडकवलेल्या पिना छातीला टोचत होत्या, पण त्या काढायच्या तर हात काढावा लागला असता.

"काढू नको हात," दीपमाला वळून न बघता म्हणाली.

"गाडी जाऊ द्या आधी."

गाडी हलली. धुळीत दोघी तशाच उभ्या राहिल्या. मागून कुणीतरी बाई डोळे पुसत म्हणाली, "जाऊ असावी तर अशी."