फुकट सॉफ्टवेअरला लावलेला सापळा

धाकट्याचा माणसांवर विश्वास नव्हता, पण तो निदान कुणाच्या तोंडावर तसं म्हणत नसे. सॉफ्टवेअरच्या बाबतीत मात्र त्यानं कधी भीडभाड ठेवली नाही.

ताईच्या घरातली मागची खोली त्याची. तिथं एक पलंग होता, दाबलेली बटणं वर यायला वेळ घेणारा एक कीबोर्ड होता आणि भावोजींच्या फरशीच्या दुकानातून निवृत्त होऊन आलेला एक लॅपटॉप. लॅपटॉपच्या फटींत अजून फरशीची पूड होती. जोरात टाइप केलं की शिंक यायची. याच लॅपटॉपवर त्याला दातांच्या डॉक्टरीणबाईंसाठी एक धून करायची होती. बाईंच्या दवाखान्यात आतलं ड्रिल बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जाई आणि निम्मे पेशंट दुखायचं थांबल्याचं सांगून घरी पळत. धून पसंत पडली तर बाईंच्या तिन्ही दवाखान्यांचं काम त्याचं. नाही पडली तर काय, ते ताईनं सांगून ठेवलं होतं.

"महिनाअखेरपर्यंत तुझी धून. नाहीतर एक तारखेपासून भावोजींच्या दुकानात."

"मी फरश्या विकू?"

"विकायला तोंड गोड लागतं. तू नुसत्या उचल."

लॅपटॉपवर आधीपासून असलेलं संगीताचं सॉफ्टवेअर तसं उत्तम होतं. फक्त 'सेव्ह' दाबलं की बंद पडायचं. म्हणजे जोवर काही जपून ठेवायचं नाही तोवर चोख काम. धाकट्यानं त्याच्यावर सहा वेळा तीच धून केली आणि सहा वेळा ती धारातीर्थी पडली.

मग त्यानं सगळ्यात नावाजलेलं सॉफ्टवेअर पाहिलं. ते विकत मिळत नव्हतं, महिन्याच्या भाड्यानं मिळत होतं. "म्हणजे भाडं थकलं की माझी गाणी रस्त्यावर," धाकटा म्हणाला आणि त्याची चाचणी प्रत उतरवून घेतली. चाचणी प्रतीत दर मिनिटाला एक बाई मधाळ आवाजात म्हणे, "कृपया खरेदी करा!" दवाखान्यात हे चालणार नव्हतं. ऐकून पेशंटला वाटलं असतं, दातच विकायला काढलेत.

कोपऱ्यावरचा रिपेअरवाला म्हणाला, "पैसे कशाला घालवतोस? हा पेनड्राइव्ह घे. आपलंच आहे."

"आपलं म्हणजे कुणाचं?"

"असले प्रश्न विचारणाऱ्याला मी चार्जरसुद्धा देत नाही."

ते चोरीचं सॉफ्टवेअर सुरू होताना स्वतःची एक धून वाजवी. धाकट्यानं ती ऐकली आणि त्याचा चेहरा पडला. त्याच्या धुनेपेक्षा ती बरी होती. त्याच संध्याकाळी लॅपटॉपच्या कॅमेऱ्याचा दिवा आपोआप लागला. धाकट्यानं कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली, तिच्यावर दुसरी लावली, मग लॅपटॉपवर चादर टाकली, आणि शेवटी चादरीखाली हात घालून ते सॉफ्टवेअर उडवलं.

उरलं एकच. फुकटातलं. छोटंसं, चटकन उतरलं. त्यानं फोन नंबर मागितला नाही, ईमेल मागितला नाही, नावसुद्धा विचारलं नाही. एका कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'आवडलं तर मदत करा. नाही केलीत तरी चालेल.'

नाही केली तरी चालेल! धाकट्याच्या अंगावर काटा आला. ज्याला पैशात रस नाही, नावात रस नाही, त्याला नक्की कशात रस असेल? त्याच्या धुनेत! हे बेणं त्याच्या धुना चोरून परस्पर कुणाला तरी विकत असणार.

म्हणून त्यानं सापळा लावला. धून सगळी शुद्ध स्वरांत हसत चाललेली. तिच्या बरोब्बर मध्यावर त्यानं एक कोमल गंधार घुसवला. ग्रुप फोटोत एकट्याच काकांचे डोळे मिटलेले असावेत, तसा तो तिथं दिसे. हा चुकीचा सूर पुढं कुठंही ऐकू आला की चोर सापडलाच.

चोराला संधीही द्यायला हवी. रोज जेवण झाल्यावर धाकटा ती धून पुन्हापुन्हा वाजत राहील अशी लावी, मोठ्यानं म्हणे, "चला, मी बाहेर जाऊन येतो हां!" आणि दाराबाहेर कान लावून उभा राही. बाहेर नीट ऐकू यावं म्हणून स्पीकरचा आवाज पूर्ण आणि हवा खेळती राहावी म्हणून खिडकी सताड उघडी. आधीची सॉफ्टवेअरंसुद्धा त्यानं अशीच पारखली होती.

"कुणाशी बोलतोस रे?" ताईनं विचारलं.

"लॅपटॉपशी. त्याला वाटलं पाहिजे मी नाहीये."

"आम्हालाही कधीतरी तसं वाटू दे."

आठवडाभर ते सॉफ्टवेअर एकदाही बंद पडलं नाही. धाकट्याचा संशय बळावला. इतकं सरळ कुणी नसतं.

आणि मग एका सकाळी भावोजी दाढी करता करता गुणगुणले. धून तीच. मध्यावर कोमल गंधार.

"भावोजी, हे कुठून आलं तुमच्याकडे?"

"काय?"

"हे आत्ता गायलात ते!"

"मी गातो?" भावोजींनी घाबरून आरशात पाहिलं.

धाकटा खाली उतरला तर इस्त्रीवाला शर्टाच्या कॉलरवर तोच कोमल गंधार शिट्टीत दाबत होता. मागच्या गल्लीतून तीच शिट्टी आली. धून जगभर गेली होती! उद्या बाईंना धून ऐकवायची आणि बाई म्हणणार, ही तर इस्त्रीवाल्याची. परवा एक तारीख. त्याला हातात फरशी दिसू लागली.

शिट्टीचा माग काढत तो पोचला तो नेमका त्याच्याच खिडकीसमोरच्या गॅलरीत. तिथं काकू कुंड्यांना पाणी घालत होत्या आणि पिंजऱ्यात त्यांचा पोपट होता.

"काकू, ही धून याला कुणी दिली?"

"देतंय कोण? तूच दिलीस," काकू म्हणाल्या. "महिनाभर कानाशी तेच दळण. इस्त्रीवाला याच्याकडून शिकला, मी इस्त्रीवाल्याकडून. उलट मीच तुझ्या ताईकडे तक्रार घेऊन यायचे होते. हा आता मिरची मागायचंच विसरलाय."

पोपटानं धाकट्याकडे एका डोळ्यानं पाहिलं आणि धून धरली. चार सूर झाले आणि खाटकन थांबला. मान खाली, डोळे बंद.

"मेला का?"

"नाही रे. जुनी तऱ्हा आहे त्याची ती. महिन्याच्या सुरुवातीला तुझ्याकडून असंच यायचं, मधेच ठप्प."

पोपटानं डोळे उघडले, पुन्हा सुरुवात केली, आणि अर्ध्यावर मधाळ आवाजात म्हणाला, "कृपया खरेदी करा!" मग पंख झटकून त्यानं तिसऱ्यांदा धून धरली, आणि या खेपेस कोमल गंधारासकट शेवटपर्यंत नेली. पुन्हा नेली. पुन्हा. कुठं अडखळणं नाही.

धाकटा पिंजऱ्याची दांडी धरून उभा राहिला. फुकटातलं सॉफ्टवेअर निर्दोष होतं. इतकी काटेकोर तपासणी तर नावाजलेल्या कंपन्याही करत नसतील. चोर एकच, आणि तो हिरवा होता.

दुसऱ्या दिवशी जाण्यापूर्वी त्यानं कोमल गंधार काढला, धून स्वच्छ केली आणि दवाखान्यात बाईंना ऐकवली. आत खुर्चीवर एक पेशंट आ करून पडलेला. बाईंनी ड्रिल सुरू केलं. पेशंट कळवळला.

"छान आहे," बाई म्हणाल्या, "पण कानावरून नुसती ओघळून जाते. ड्रिलच ऐकू येतं."

धाकट्याला खांद्यावर फरश्यांचं वजन जाणवलं. त्यानं गुपचूप सापळ्याची प्रत लावली. कोमल गंधार आला. पेशंटच्या कपाळाला आठी पडली. धून फिरून आली. आता तो वाट पाहू लागला, की हा बावळट सूर पुन्हा येतो की काय. आला. बाहेरच्या बाकावरही माना वर झाल्या. ड्रिल चालू होऊन बंद झालं तरी पेशंटनं आ तसाच ठेवला होता. तो पुढच्या फेरीच्या प्रतीक्षेत होता.

"हीच," बाई म्हणाल्या. "तिन्हीकडे लावू. कोणतं सॉफ्टवेअर वापरता तुम्ही?"

धाकट्यानं नाव सांगितलं. "फुकट मिळतं," तो अभिमानानं म्हणाला.

बाईंनी हातमोजे काढले. त्याच्याकडे पाहिलं, मग लॅपटॉपकडे, मग लॅपटॉपवरच्या दुहेरी चिकटपट्टीकडे. त्यांचे डोळे हळूहळू बारीक झाले. ही नजर धाकट्याच्या चांगल्याच ओळखीची होती.

"फुकट?" बाई म्हणाल्या. "का बरं?"