आरशात रस्ता रिकामा होता

काचेमागे ‘कट्’ असा बारीक आवाज झाला आणि मिस्त्रींचा तळहात जागच्या जागी थांबला.

“बसली?” धाकट्या भावाने विचारलं. तो फोनमध्ये डोकं घालून मागे उभा होता.

“बसतेय,” मिस्त्री म्हणाले.

काय झालं ते त्यांना कळलं होतं. आरशाच्या काचेला मागून प्लास्टिकची पाठ असते आणि त्या पाठीच्या खुंट्या आतल्या मोटरीच्या बैठकीत अडकतात. त्यातल्या दोन मोडल्या होत्या. काच गार असताना त्यांनी कडेवर जोर लावला होता.

गाडी धाकट्याची. लाल, बुटकी, उभी असली तरी पळत असल्यासारखी दिसणारी. दगड उडून चालकाच्या बाजूच्या आरशाला तडा गेला, तेव्हा धाकटा ती कंपनीच्या वर्कशॉपलाच नेणार होता. मिस्त्रींनी त्याला अडवलं. “घरात मिस्त्री असताना लोकांच्या दारात जातोस? माझी काय अब्रू राहील?” मग तो निमूटपणे नवी काच घेऊन गॅरेजवर आला. किंचित फुगीर काच, पाठीमागे दव घालवायच्या तारांची जोडणी. सोबतचा कागद तो वाचूनही दाखवत होता, “दादा, यात लिहिलंय, आधी ऊब द्यायची, मग मधोमध दाबायची…”

“कागद वाचून गाड्या नीट झाल्या असत्या, तर आम्ही काय माशा मारल्या असत्या?”

मिस्त्रींची हयात टॅक्सी-टेम्पोंचे आरसे बसवण्यात गेली होती. साधी काच मापाने कापायची, मागे गोंद फासायचा, चिकटवायची. एवढी वेगाने पळणारी गाडी त्यांच्या हाताखाली पहिल्यांदाच आली होती. वडील गेल्यावर ते शाळा सोडून गॅरेजला लागले आणि धाकटा शिकला. ‘थोरल्याच्या काळ्या हातांवर धाकटा पांढरा झाला,’ असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची. मिस्त्री ऐकून न ऐकल्यासारखं करायचे, पण ऐकायचे.

‘मोडलं रे,’ एवढंच म्हणायचं होतं. मिस्त्रींनी पाठ वळवली, गोंदाची नळी उचलली, चार जागी ठिपके दिले आणि काच दाबून धरली. काच बसली. हलवून पाहिली, हलली नाही.

“मानलं, दादा!” धाकट्याने पाठीवर थाप मारली. त्या थापेने मिस्त्रींचा जीव इतका सुखावला, की खुंट्यांचं ते विसरूनसुद्धा गेले.

पुढच्याच आठवड्यात धाकट्याचा फोन आला. भावजय आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन चालली होती. मोठ्या रस्त्यावर तिने गाडी उजवीकडे घेतली आणि त्या बाजूने मागून येणाऱ्या स्कूटरला धक्का लागला. स्कूटरवरची बाई रस्त्यावर आपटली. उजवं मनगट मोडलं. आईचं खरचटण्यावर निभावलं.

मिस्त्री दवाखान्यात पोचले तेव्हा भावजय भिंतीला टेकून उभी होती. स्कूटरवरची बाई शिवणकाम करते, हे तिला नुकतंच कळलं होतं. उजव्या हाताने.

“मी बघितलं होतं हो,” ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. “आरशात रस्ता रिकामा होता.”

“रिकामा होता, तर ती बाई काय आभाळातून पडली?” आई बाकावरून कडाडली. “नवऱ्याने घोडा दिला म्हणून उधळायचा असतो का?”

“आई, पुरे,” धाकटा म्हणाला. त्याचा आवाज विचित्र होता, पण मिस्त्रींना तेव्हा ते जाणवलं नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे गोंदाचे ठिपके होते. उन्हाने तापून, वाऱ्याने थरथरून ते सुटले असणार. काच कलली असणार. मागून येणाऱ्या बाईच्या जागी बाजूचा मोकळा पट्टा तेवढा दिसला असणार. मग स्कूटर घासली, आरसा फुटला, आणि सगळ्यांना वाटलं की तो धडकेतच फुटला.

भावजयीने एकदम त्यांच्याकडे पाहिलं. “भाऊजी, आरसा नीट होता ना?”

आई तोंड उघडणार, तोच मिस्त्री म्हणाले, “होता की. या हातांनी बसवला होता.”

“ऐकलंस?” आई म्हणाली.

भावजयीने मान खाली घातली. “म्हणजे मीच नीट बघितलं नाही,” ती म्हणाली, आणि आत बाईपाशी जाऊन बसली.

त्या दिवशी मिस्त्रींना घास गिळवेना. बायकोने विचारलं, पोट बिघडलंय का? ते हो म्हणाले. खोटं बोलायला आता काहीच लागत नव्हतं.

चार दिवसांनी गाडी त्यांच्याच गॅरेजच्या मागे आणून लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी यायच्या आत ते पातं घेऊन तिच्याजवळ गेले. आरशाच्या रिकाम्या खोबणीत गोंदाचे चार पिवळट डाग तसेच होते. त्यांनी पहिला डाग खरवडायला घेतला. हात चोराचा असल्यासारखा चालत होता.

मागे पावलं वाजली. धाकटा होता. त्याच्याही हातात एक पातं होतं.

मिस्त्रींनी आपलं पातं खाली केलं.

“मी त्याच दिवशी रस्त्यावरच गोंद पाहिला,” धाकटा म्हणाला. “तुकडे गोळा करताना. म्हटलं, उद्या कुणी गाडी उघडली तर तुझं नाव येईल.”

“तिला सांगितलंस?”

“नाही.”

“अरे, ती स्वतःला खात बसलीय! आई तिला उठता-बसता बोलतेय!”

“मग काय करू, दादा?” धाकटा म्हणाला. “तुझ्याविरुद्ध तोंड कसं उघडू? लहानपणापासून तुझंच खाल्लं मी.”

मिस्त्रींना वाटलं, याने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. आपण गोंद लावला एका आरशाला. पण या पोराचं तोंड आपण कित्येक वर्षं चिकटवत आलोय, हे त्यांना आज दिसलं. त्यांनी त्याच्या हातातलं पातं काढून घेतलं.

“राहू दे ते डाग. गाडी कंपनीच्या वर्कशॉपला ने, आणि काय झालं ते खरं सांग. चल घरी.”

घरी आई, भावजय आणि मिस्त्रींची बायको स्वयंपाकघरात होत्या. मिस्त्री दारातच उभे राहिले आणि एका दमात बोलून मोकळे झाले. खुंट्या, गोंद, दवाखान्यातलं खोटं.

आई म्हणाली, “अरे, चुकून झालं असेल…”

“आई, तू थांब,” मिस्त्री म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी आईला असं तोडलं.

भावजयीने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग हळू आवाजात म्हणाली, “आरशाचं सोडा, भाऊजी. हात आहे, चुकतो. पण मी तुम्हाला विचारलं होतं. तुमच्या तोंडाकडे बघून विचारलं होतं.”

तिने नवऱ्याकडेही एकदा पाहिलं, आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. ते दार धाकट्यासाठीसुद्धा पुष्कळ दिवस नीट उघडलं नाही.

त्याच दुपारी मिस्त्री विचारत विचारत शिवणवालीच्या घरी गेले. एकच खोली, खिडकीशी मशीन, कॉटवर अर्धवट शिवलेल्या कपड्यांचा ढीग. बाईचा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. ती डाव्या हाताने एका झग्याची घडी घालायला बघत होती.

मिस्त्रींनी सगळं सांगितलं. “त्या पोरीची चूक नाही. माझी आहे. तुम्हाला तक्रार करायची असेल तर माझं नाव द्या.”

बाईने घडी तशीच सोडली. “ती रोज येते, माझ्या पाया पडायला बघते. आणि तुम्ही आज येताय?”

“हो,” मिस्त्री म्हणाले.

“हात पूर्वीसारखा होईल का, डॉक्टर सांगत नाहीत.”

“हो.” चप्पल शोधत ते उठले.

“कुठे निघालात?” बाई म्हणाली. तिच्या आवाजात माया नव्हती, रागही नव्हता. “हा झगा आज द्यायचाय. शेजारीण येऊन टाके घालते, पण तिला सुईचं भोक दिसत नाही. सुई ओवून ठेवा.”

मिस्त्री परत बसले. खिडकीकडे सुई धरून त्यांनी दोऱ्याचं टोक ओलं केलं. ते भोकाच्या शेजारून गेलं. पुन्हा ओलं केलं, पुन्हा चुकलं. बाई थांबून बघत राहिली.