पुडीतला वाटा

निकिताच्या रक्ताचा थेंब पडला आणि यंत्रानं हिमोग्लोबिन दहा दाखवलं. नॉर्वेच्या डॉ. इंग्रिड खूश झाल्या. माझा मात्र त्यावर विश्वास बसेना, कारण दोन महिन्यांमागं हीच पोरगी साडेसातवर होती आणि गोळी खाल्ली की ओकत होती.

मी शिवकांता, माकणी गावची आशा कार्यकर्ती. नॉर्वेचं एक विद्यापीठ आणि धाराशिवची एक संस्था मिळून गरोदर बायकांच्या रक्तवाढीचा अभ्यास करत होते. बोटातून रक्त तपासायला त्यांनीच आम्हाला शिकवलं, तेही मनापासून. गावात चिठ्ठ्या टाकून निम्म्या घरांना नवी पौष्टिक पूड दिली, निम्म्यांना नेहमीच्या लोहाच्या गोळ्या. निकिताच्या वाट्याला गोळ्या आल्या, शेजारच्या तारामतीला पूड.

"गोळ्यांनीच एवढं वाढत असेल तर पुडीची गरज काय, असं डॉ. इंग्रिड म्हणतायत," संस्थेच्या डॉ. श्रीशैल सरांनी मला मराठीत सांगितलं.

गाडी गेल्यावर मी तडक निकिताच्या सासूकडं, चन्नम्मांकडं गेले.

"मावशी, खरं सांगा. पोरीला पूड कोण देतंय?"

"देतंय कुठं कोण? म्या तारामतीला वाटीभर गव्हाची गोड हुग्गी धाडली. तिनं काय वाटी रिकामी धाडावी? तिनं पूड घातली. मग म्या अजून काहीबाही घालून धाडली. रोजचंच हाय की हे."

मी कपाळावर हात मारला. शेजारणीची वाटी रिकामी परत करत नाहीत, हे काय मला माहीत नव्हतं? पण प्रशिक्षणात ते सांगायचं मला सुचलं नाही, आणि विचारायचं त्यांना सुचलं नाही. इतकी साधी गोष्ट कोण सांगतं?

आता बोलावं तर निकिताची पूड जाणार, आणि तिला सातवा लागलेला. गप्प बसावं तर गोळ्याच पुरतात असं ठरणार. मग ही पूड कुण्या गावाच्या बाईला मिळायचीच नाही. मला चन्नम्मांचा राग आला, चिठ्ठ्या टाकणाऱ्यांचा आला, पण तोंड माझंच उघडायचं होतं. मी सरांना फोन लावला.

दुसऱ्या दिवशी डॉ. इंग्रिड आल्या. मला वाटलं, चिडतील. त्यांनी एवढंच विचारलं, "आणखी किती घरांत?"

"सगळ्यांतच," मी म्हणाले.

माकणी अभ्यासातून गेली. नव्या गावांत यापुढं घराघरांत वाटणी करायची नाही, एका अख्ख्या गावाला पूड आणि दुसऱ्याला गोळ्या, असं ठरलं. उरलेल्या पुड्या तिकडं जाणार होत्या. आमच्या बायकांसाठी थोड्या ठेवा म्हणून सरांनी दोनदा विनंती केली, पण वरून होकार आला नाही.

पूड बंद झाली हे मी स्वतः जाऊन सांगितलं. चन्नम्मांनी तोंड फिरवलं. "गप बसली असतीस तर तुझं काय जात हुतं गं?" त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

निकिता तिथंच बसून राहिली. "ताई, मग बाकीच्या गावांतल्या बायांना मिळंल ना ही पूड?"

"अभ्यास पुरा झाला, आन् पूड खरंच चांगली ठरली, तर मिळंल."

"कवा?"

"दोन-तीन वर्सं तरी."

तिनं पोटावर हात ठेवला. "म्हंजी हे तवर चालाया लागंल."

ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.