शांततेची धुलाई

आपण मोठे चित्रकार आहोत, हे चित्रकाराला फार पूर्वीपासून ठाऊक होतं. बाकीच्यांना कळायला जरा वेळ लागत होता, एवढंच. त्यामुळे तीन देशांतल्या तीन कलाकारांनी शांततेवर एकच कापड घडवायचं ठरलं आणि त्यात त्याला बोलावणं आलं, तेव्हा अशी बोलावणी रोजच येतात असा चेहरा करून तो बसला. बायको दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला होती. दुपारी तिला छत्री नेऊन द्यायच्या निमित्ताने तो तिथे गेला आणि तोंडात कापूस धरून बसलेल्या पेशंटांनाही त्याने ही बातमी सांगितली. बाहेर लख्ख ऊन होतं.

कापड विणायचं विणकर बाईंनी. मग ते ठसेवाल्याकडे जायचं. हा लाकडात ठसे कोरून छापणारा. त्याच्या शहरात लढाई नुकती कुठे थांबली होती. शेवटी चित्रकाराकडे.

"शेवटचा हात माझा ठेवलाय," तो बायकोला म्हणाला. "लोकांना समजतं गं."

"उरलेली जागा तुम्हाला, असंही असेल," ती म्हणाली.

अधूनमधून तिघांचा व्हिडिओ कॉल व्हायचा. तिघांचं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे कुणाला कुणाची लाज नव्हती. ठसेवाला हळू आवाजात पुष्कळ बोलायचा. तेवढ्या वेळात चित्रकार स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या स्वतःच्या चौकोनाकडे बघत असे. दिव्याखाली टक्कल चमकतं का, हनुवटी जरा वर घेतली तर मान कमी लोंबते का, हे प्रश्न त्याला तितकेच गहन वाटायचे. मध्येच तो "वा, फार खोल!" म्हणायचा. प्रकल्पासाठी दिलेल्या टिपणात त्याने लिहिलं होतं, 'शांतता म्हणजे दुसऱ्याचं ऐकून घेणं.' विणकर बाईंना ते वाक्य इतकं आवडलं, की त्यांनी ते पत्रकावर सगळ्यात वर टाकलं.

पार्सल आलं. जेवणाच्या टेबलावर त्याने कापड उलगडलं. बाईंचं विणकाम नजर लागावी असं होतं. मधोमध ठसेवाल्याने काळ्या शाईत खिडक्यांच्या ओळी छापल्या होत्या. आणि त्या खिडक्यांवरून इकडून तिकडे एक भलामोठा राखाडी पट्टा गेला होता.

"टपालवाल्यांनी वाट लावली!" चित्रकार ओरडला. त्याने बोट फिरवलं, तर बोट राखाडी झालं.

"त्या ठसेवाल्यांना एकदा विचारा तरी," बायको चपला घालता घालता म्हणाली.

"विचारायचं काय त्यात? डाग आहे ढळढळीत. बिचाऱ्याचा जीव उगाच कशाला खालीवर करू?"

ती कामावर गेली. ज्या माणसाने जन्मात स्वतःचा रुमाल धुतला नव्हता, तो टबात कोमट पाणी घेऊन बाथरूममध्ये गुडघ्यांवर बसला. साबणाची पावडर किती घालायची ते माहीत नव्हतं, म्हणून श्रद्धेने घातली. छापाची शाई पक्की होती. खिडक्या हलल्या नाहीत. राखाडी मात्र भराभर पाण्यात उतरली. एका कोपऱ्यात फिकट सावली तेवढी राहिली, ती काही केल्या जाईना. पाणी ओतून देताना त्याला स्वतःचा इतका अभिमान वाटला, की त्याने ओल्या हातांनीच फोटो काढला.

पुढच्या कॉलला त्याने कापड कॅमेऱ्यासमोर झळकवलं. समोरचे दोघेही स्क्रीनवर हलेनात. नेट अडकलं असावं असं वाटून त्याने दोनदा "हॅलो, हॅलो" केलं.

"तो राखाडी पट्टा कुठे गेला?" विणकर बाईंनी विचारलं.

"डाग होता. काढला," चित्रकार विनयाने म्हणाला.

"ती माझ्या गल्लीची धूळ होती," ठसेवाला म्हणाला. "समोरची इमारत पडली, तेव्हा आमच्या खिडकीत साठलेली. खळीत कालवून लावली होती. मागच्या वेळी सांगितलं होतं सगळं. तू 'फार खोल' म्हणालास."

चित्रकाराने पहिल्यांदाच स्वतःच्या चौकोनावरून नजर काढली. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं; पण घर दुसऱ्या मजल्यावर होतं. "माफ कर," एवढंच तो कसंबसं म्हणाला. "मी ऐकतच नव्हतो."

ठसेवाल्याचे खांदे हलायला लागले. तो रडतोय असं वाटून बाईंनी तोंडावर हात ठेवला. पण तो हसत होता. हसता हसता त्याने डोळे पुसले, मागे वळून कुणाला तरी हाक मारली, आणि एक म्हातारी पडदा घेऊन स्क्रीनमध्ये शिरली.

"ही माझी आई. वर्ष झालं पडदे धुतेय, ती धूळ निघत नाही. ती विचारतेय, साबण कुठला वापरलास?"

आता हा प्रश्न चित्रकाराच्या आवाक्याबाहेरचा होता. त्याने बायकोला हाक मारली. ती पावडरचा डबाच घेऊन आली आणि त्याला कोपराने बाजूला सारून खुर्चीत बसली. म्हातारीला इंग्रजी येत नव्हतं, बायकोला ते पुरत नव्हतं. बायकोने पडदा आधी कोरडाच झटकायचा, मग गार पाण्यात भिजवायचा, हे सगळं हातवाऱ्यांनी करून दाखवलं. म्हातारीने पिळायची नक्कल करून काही विचारलं. बायको "नाही हो आजी, नाही!" असं चक्क मराठीत ओरडली, आणि ते म्हातारीला कळलं.

बाई नवी धूळ मागवू या म्हणाल्या. "धुळीला तोटा नाही आमच्याकडे," ठसेवाला म्हणाला. "पण राहू दे. धुतलेलीच राहू दे."

चित्रकाराने आपल्या भागात अथांग निळं आकाश आणि त्यात एक भव्य पक्षी योजला होता. कितीतरी दिवस तो ब्रश हातात घेऊन बसला. शेवटी त्याने काठाने एक बारीक निळी रेघ ओढली. त्याच्या आयुष्यातलं ते सगळ्यात छोटं काम होतं, आणि त्याला सगळ्यात जास्त घाम त्यातच फुटला.

प्रदर्शन विणकर बाईंच्या शहरात भरलं. त्यांनी व्हिडिओ कॉलवर फोन चहूकडे फिरवून गर्दी दाखवली. लोक त्या फिकट सावलीपाशी थांबत होते. बाई धुण्याची गोष्ट सांगत, लोक हसत, आणि मग पुन्हा खिडक्यांकडे बघून गप्प होत. निळ्या रेघेविषयी कुणी काही विचारलं नाही. पाटीवर चित्रकाराचं नावही चुकलं होतं.

"नाव दुरुस्त करायला सांगू का?" बाईंनी विचारलं.

"असू दे," तो म्हणाला, आणि स्वतःच दचकला.