न टेकलेला गुडघा

लाल रेष होती. केसाएवढी बारीक, खेकड्याच्या मागच्या पायाचं जे वल्ह्यासारखं पातं असतं त्याच्या कडेला, आणि वेंडेलनं तो पाय उजेडात धरून जरा वाकवला तेव्हा ती नीट दिसली — पांढरी असली तर अजून बरीच वाट बघायची, गुलाबी असली तर थोडी, आणि लाल म्हणजे आज नाहीतर उद्या ही कात टाकणार. त्यानं मादीला लाल रेषवाल्यांच्या हौदात सोडलं. ती तळाशी जाऊन बसली, नांग्या पोटाशी घेऊन, जशी काही कुणाचं काही देणं लागत नाही.

हे त्याला कळतं. मिसरूड फुटायच्या आधीपासून कळतं, बापानं कानफटात मारून शिकवलं. खेकडा आत काय करतोय ते बाहेरून दिसतं. बाईचं तसं नसतं. बाईचं काय उजेडात धरून बघायचं?

उद्या बाल्टिमोर. उद्या त्यानं आणि बायकोनं इमिग्रेशनच्या साहेबासमोर बसायचं आणि साहेब विचारणार, हे लग्न खरं का. नेरेइदा मेक्सिकोहून कामाच्या व्हिसावर बेटावर यायची, खेकड्याचा गर काढायला — एप्रिलात यायचं, थंडी पडली की परत. एकाच कारखान्यात काम, त्याच कारखान्याच्या खोलीत राहणं, आणि ज्या साली व्हिसाच्या सरकारी चिठ्ठीत कारखान्याचं नाव निघालं नाही त्या साली तेही नाही. लग्नानंतर तिच्या ग्रीन कार्डचा अर्ज घातला. साहेबाला पटलं तर ती कायमची इथली. नाही पटलं तर तिनं गाठोडं बांधायचं, आणि मग बहुतेक पुन्हा येणं नाहीच. म्हणजे उद्या वेंडेलनं एक शब्द इकडचा तिकडे केला, नुसता थांबला जरी नको तिथं... तेवढं सगळं माझ्या तोंडात आहे, आणि माझ्या तोंडाचं मलाच काही सांगता येत नाही.

“काय नवरदेव, गुडघा कसाय?”

नॉरिस. शेजारच्या धक्क्यावरून आला होता, हातात कॉफी, पायात चिखलानं माखलेले बूट. शाळेत एकत्र नापास झालेला माणूस, त्याला काय बोलायचं.

“कुठला गुडघा?”

“जो टेकवलास तो. लेका, तुझ्यापायी काल मला उपाशी झोपायची पाळी आली. माझी लॅव्हर्न कारखान्यातून आली ती फणफणतच. म्हणे, वेंडेलकडून शिका जरा. धक्क्यावर नेलं, सूर्य बुडत होता, पिवळी फुलं दिली, गुडघा टेकून म्हणाला — माझी होशील का.”

“कोण म्हणालं?”

“तू म्हणालास. तुझी बायको सांगत होती टेबलावर सगळ्या बायकांना, गर काढता काढता. लॅव्हर्नच्या डोळ्यांत पाणी आलं. मला म्हणाली, तुम्ही काय म्हणाला होतात आठवतं? म्हटलं आठवतं, तुझ्या बापाची होडी विकायची आहे का, असं म्हणालो होतो.”

वेंडेल हसला. हसायलाच हवं होतं. हात पाण्यातच होते आणि पाणी एकदम गार वाटलं.

“खरं सांग,” नॉरिस म्हणाला, “खाली गेलास तो वर कसा आलास?”

“जा रे, तुझं काम कर.”

“जातो. पण एक ध्यानात ठेव गड्या,” त्यानं हौदाकडे हनुवटी केली. एक जोडी होती तिथं, कुणी सोडवायची राहिलेली — नर वर, मादी त्याच्या पोटाखाली धरलेली. “ती कात टाकेस्तोवर हा तिला असा उराशी घेऊन फिरणार. कुणाला हात लावू देणार नाही. नवं कवच कडक झालं की ती जाते खाली खाऱ्या पाण्याकडे. परत वर आलेली पाहिलीस कधी?”

“चेष्टा पुरे.”

“चेष्टाच आहे,” नॉरिस म्हणाला, पण जाताना हसला नाही.

गुडघा टेकला नव्हता. फुलं नव्हती. पिवळी काय, कसलीच नव्हती. ट्रकात विचारलं होतं, इंजिन चालू ठेवून, कारण बंद केलं की ते थंडीत पुन्हा धरत नव्हतं. बायकांना परत नेणारी बस यायची होती, तिची बॅग मागे टाकलेली होती, काचेवर वाफ धरलेली. एवढं आठवतं. मग ती फुलं कुठून आली? एवढं नीट, रंगासकट, लॅव्हर्नसारख्या बाईला रडवण्याइतकं — बाई खोटं बोलते ते अडखळत बोलते असा त्याचा समज होता. डार्लीन अडखळायची. पहिली बायको डार्लीन, सोडून जाण्याच्या आधी सहा महिने प्रत्येक वाक्याला अडखळत होती, आणि तरी मला कळलं नाही. मग जी अडखळत नाही तिचं काय कळणार?

तो हौदांवरून फिरत राहिला. कात टाकलेले मऊ खेकडे उचलायचे असतात, लगेच, नाहीतर बाकीचे त्यांना खातात. हात आपोआप चालत होते. डोकं मागे मागे जात होतं.

ती रोज काहीतरी विचारायची. जेवताना, मक्याच्या भाकऱ्या तव्यावर फुगत असताना, पाठमोरी — तुझी आई कशानं गेली? हनुवटीवर हे काय लागलं होतं? निळी गोळी सकाळची की रात्रीची? उशी भिंतीकडची का लागते तुला? त्याला आवडायचं. किती वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. आईचं सांगताना तर तो इतका बोलला की भाकरी जळली. आणि एकदा नॉरिसच म्हणाला, हेच विचारतात तिथं, उशी कुठली आणि गोळी कुठली, अभ्यास करतेय ती. अभ्यास. म्हणजे आई माझी गेली आणि ती तिच्या परीक्षेत आली.

आणि ते फोटो. अर्ज भरणाऱ्या वकीलबाईनं सांगितलं होतं फोटो काढा, सगळीकडचे काढा. होडीवर, चर्चच्या जेवणाला, नुसतं अंगणात. “हस की म्हाताऱ्या, मयताला आल्यासारखा काय उभा राहतोस,” नेरेइदा म्हणायची, आणि खांद्यावर हात टाकायची. फोटो निघाल्यावर तो हात किती वेळ राहायचा? हे त्यानं बघायला सुरुवात केली होती. लाज वाटायची बघताना, तरी बघायचा. कधी राहायचा. कधी ती तशीच बोलत राहायची आणि हात विसरल्यासारखा तिथंच असायचा. पण विसरल्यासारखा ठेवणं हेही जमतंच की एखादीला, जिला पिवळी फुलं जमतात...

दुपारी तो घरी गेला. खुर्चीवर तिनं इस्त्री करून ठेवलेला शर्ट होता, उद्याचा, वरचं बटण तुटलेलं तिनं दुसरं लावलेलं. दोरा जुळवलेला. त्यानं ते बटण ओढून पाहिलं. पक्कं होतं. पक्कं असल्याचाही त्याला राग आला.

संध्याकाळी तो कारखान्याबाहेर ट्रक लावून बसला. बायका बाहेर पडत होत्या, डोक्यावरच्या जाळ्या काढत. लॅव्हर्ननं त्याच्याकडे बघून असा काही हात हलवला, जसा मुलीच्या लग्नात हलवतात. त्याला ट्रक सोडून पळावंसं वाटलं. नेरेइदा सगळ्यांत शेवटी आली. हातांना लिंबाचा वास, आणि त्याच्याखाली तो दुसरा वास, जो लिंबानं जात नाही.

“असा काय बसलास? पोट बिघडलं?”

“नाही.”

“मग उद्याचं टेन्शन आलं असेल. मलाही आलंय. आज दोनदा बोट कापलं.”

त्यानं गाडी काढली. दलदलीच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना पाणी चढलं होतं, भरतीला चढतं तसं, आणि तो नीट बघून चालवत होता, म्हणजे तिच्याकडे बघायला नको.

“फुलं कुठल्या दुकानातून आणली मी?” तो म्हणाला.

ती म्हणाली, “लॅव्हर्न.”

“नॉरिस. गुडघ्याची चौकशी करत होता.”

ती हसेल असं त्याला वाटलं होतं. हसली नाही. चिडेल असंही वाटलं होतं.

“मी तसं बोलून बघत होते,” ती म्हणाली. “कसं वाटतं ते. त्या बायकांना पटलं तर साहेबाला पटेल.”

“म्हणजे खोटं सांगणार तू. देवाची शपथ घेऊन.”

“मग खरं सांगू? सांगते. साहेब विचारेल, यानं तुला लग्नाचं कसं विचारलं. मी सांगेन, साहेब, ट्रकात विचारलं. काय म्हणाला? म्हणाला —” आणि तिनं त्याचा आवाज काढला, तो जड, घोगरा, नाकातला आवाज, अगदी बरोब्बर. “‘दर साली असं परत जायचं म्हणजे वैताग आहे. लग्न केलंस माझ्याशी तर कार्ड मिळेल, इथंच राहशील.’ एवढंच म्हणाला, साहेब. मग काच पुसली. हे सांगू?”

काच पुसली होती. बाहीनं. आता आठवत होतं.

“मी वाट बघितली ना,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज आता तिचाच होता, दमलेला. “मला वाटलं, हा माणूस कमी बोलतो, पुढं म्हणेल काहीतरी. बस येईपर्यंत म्हणेल. नाही म्हणालास. लग्नात म्हणशील वाटलं. मग म्हटलं जाऊ दे, नसेल म्हणायचं, आपण विचारत राहू, आईचं विचारू, हनुवटीचं विचारू, कुठून तरी निघेल. तू सगळं सांगितलंस. तेवढं सोडून.”

“तू ‘बरं’ म्हणालीस तेव्हा. मला वाटलं...”

“काय वाटलं?”

कार्डासाठी म्हणालीस असं वाटलं, हे त्याच्या ओठांवर आलं आणि तिथंच राहिलं. कार्ड तर त्यानंच पुढं केलं होतं. दुसरं काही पुढं करायला त्याच्याकडे होतं की नव्हतं कुणास ठाऊक. पुढं केलं ते तिनं घेतलं, आणि घेतलं म्हणून तो तेव्हापासून तिच्यावर डोळा ठेवून होता.

नाही तर — हेही तिनं तयार करून ठेवलं असेल? हा आवाज काढणं, ही दमलेली वाट बघणं? असेल. साहेबासाठी एक गोष्ट आणि माझ्यासाठी एक. असू शकतं. त्यानं तो विचार धरून ठेवायचा प्रयत्न केला, सकाळपासून धरला होता तसा, पण त्यात आता जीव उरेना.

घर आलं. तिनं दार उघडलं, एक पाय खाली ठेवून थांबली.

“तुलाही विचारणार उद्या,” ती म्हणाली. “वेगळ्या खोलीत नेऊन विचारतात कधी कधी. तू का केलंस म्हणून. फुलं सांगायची असली तर दोघांनी सारखीच सांगू. नसली सांगायची तर तुझं तू ठरव, मी काही शिकवणार नाही.”

ती आत गेली. स्वयंपाकघरातला दिवा लागला.

मी का केलं? तो स्टिअरिंग धरून बसला. घर गप्प होतं म्हणून केलं. हे खरं होतं. रात्री फ्रीजचा आवाज ऐकू यायचा, एवढं गप्प. पण मग कोणीही चाललं असतं का — लॅव्हर्नची विधवा बहीण चालली असती का, तिनं तर गोडाचे डबे पाठवले होते दोन वर्षं — नसती चालली. का नसती? ज्या साली चिठ्ठीत नाव निघालं नाही आणि बायका आल्याच नाहीत, त्या साली तो एप्रिलभर त्या बंद कारखान्यासमोरून ट्रक नेत होता. एरवी बायकांना मासे नेऊन द्यायचा तसे, मासे द्यायला म्हणून. कारखाना बंद, मासे कुणाला द्यायचे? हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं, रस्ता बरा आहे त्या बाजूचा, असं सांगितलं होतं. हे साहेबाला सांगायचं? बंद दारासमोरून गाडी नेत होतो, साहेब. कुणाला पटेल? मलाच पटत नाही. माझ्यासारखा माणूस एवढं करील आणि एक वाक्य बोलणार नाही... की बोलायला घाबरलो होतो? कार्ड म्हटलं तर ती नाही म्हणाली तरी कार्डाला नाही म्हणाली असती. मला नाही.

तो हे बंद दाराचं पुन्हा मनात म्हणून बघू लागला, तोंड न हलवता, मग थोडं हलवून. नीट येईना. तिनं आतून हाक मारली, जेवायला, आणि मग खिडकीशी येऊन उभी राहिली, हात पुसत, ट्रककडे बघत. तिच्यामागे दिवा होता, तिचं तोंड काही दिसत नव्हतं. त्याचं मात्र दिसत असणार. ते कसं दिसत असेल याचा त्याला अंदाज येईना, आणि त्यानं ते सरळ करायचा प्रयत्न केला, आणि मग तसाच सोडून दिला.