शेजारच्या खाटेवरचा रक्तगट

पहिले तीन महिने फुला डायलिसिसला आली ती भिंतीकडे तोंड करूनच. कुंभारवाड्याच्या रानातली बाई. दर सोमवारी आणि गुरुवारी नवरा लाडू तिला पहिल्या बसने जोयड्याच्या दवाखान्यात आणायचा. चार तास यंत्राला जखडून पडायचं, आणि वर शेजारच्या खाटेवर रामचंद्र!

रामचंद्रचं रामनगरात भांड्यांचं दुकान होतं. मूत्रपिंडं थकली होती, जीभ मात्र नव्हती. "फुलाक्का, औंदा मुडली कशी हाय तुमच्याकडं?" तो विचारायचा. मुडली म्हणजे जोयड्याचा लाडका कंद, आणि डॉक्टरांनी तो दोघांनाही बंद केला होता. तरी तो आमटीतच कसा चांगला लागतो, हे रामचंद्र तासभर सांगायचा.

एका गुरुवारी फुलाला राहवलं नाही. "आमटीत घालतात ते भांडी विकणारे," ती म्हणाली. "मुडली भाजूनच खातात."

सगळा वॉर्ड हसला. सगळ्यात मोठ्यानं रामचंद्र. तेव्हापासून फुला त्याच्या बाजूला तोंड करून पडू लागली.

असंच वर्ष गेलं. मग एका सोमवारी रामचंद्र आला तो गप्पच.

"बरं न्हाई काय, दादा?"

"शनवारी बेळगावला गेलतो. आमची बायको मंगल किडनी द्यायला तयार हाय. पण तिचं रक्त ए, माझं बी. जुळत न्हाई म्हणाले."

हेच फुलानं स्वतःबद्दल आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. नकार ऐकून लाडू परतीच्या बसमध्ये रडला होता, आणि त्याचं रडणं चारचौघांत न्यायचं तिच्या जिवावर येई. आज मात्र ती बोलली. "आमचंबी तसंच, दादा. माझं ए, ह्यांचं बी."

नर्स शिल्पा रामचंद्रच्या हाताला पट्टी लावत होती. तिचा हात तिथंच थांबला.

"काय म्हणालात? कुणाचं ए, कुणाचं बी? परत सांगा."

दोघांनी परत सांगितलं. शिल्पा खाली बसलीच. "अहो, मग मंगलताईंची किडनी फुलाताईंना आणि लाडूमामांची तुम्हाला! कायद्यात बसतं हे. बाकीच्या तपासण्या जुळायला हव्यात आणि समितीची परवानगी हवी, बस्स."

रामचंद्रनं कपाळावर हात मारला. "वर्षभर हातभर अंतरावर पडतोय आपण, आणि मी मुडलीच इचारत बसलोय!"

तपासण्यांत चार महिने गेले. सगळं जुळलं. मग समितीसमोर चौघं रांगेनं बसले. अध्यक्षबाईंनी लाडूला विचारलं, "या लोकांशी तुमची काही देवाणघेवाण झाली आहे?"

लाडूला खोटं येत नव्हतं. "व्हय. झालीया."

मोबदला दिला-घेतला तर परवानगी मिळत नाही; मंगलनं त्याला कोपरानं ढोसलं. फुलानं डोळे मिटले.

"काय झाली?"

"टोपलीभर मुडली दिली. दादांना बंदी, म्हणून वैनीनं एकटीनं खाल्ली."

अध्यक्षबाई कागदांत तोंड घालून बराच वेळ हसल्या. परवानगी मिळाली.

चारही शस्त्रक्रिया बेळगावला एकाच दिवशी झाल्या. दुसऱ्या सकाळी फुलानं खाटेखाली लटकलेली पिशवी पाहिली. ती लघवीनं भरत होती. गेली दोन वर्षं दिवसाला वाटीभरही होत नव्हती. फुला तिच्याकडे नुसती बघत राहिली. तेवढ्यात फोन वाजला.

"फुलाक्का, किती झाली? माझी तीन लिटर!" रामचंद्र शेजारच्या खोलीतून ओरडत होता.

"साडेतीन," फुला म्हणाली, आणि तिला मनापासून हसू फुटलं.

"दोघांनीबी गप बसा," फोनमधून मंगलचा आवाज आला. तिला चाकाच्या खुर्चीवर बसवून नवऱ्याच्या दारापर्यंत आणलं होतं. "हसले की टाके ओढतात माझे."

संध्याकाळी लाडू भिंतीला धरत धरत त्याच दारापाशी गेला. आत जायची मनाई होती. तोंडावरचा मास्क सावरत त्यानं बाहेरूनच हळू विचारलं, "दादा, माझी चालते न्हवं बरी?"

"चालते?" रामचंद्र म्हणाला. "पळतीया, लाडूभाऊ!"