उजव्या तळहातावरचं इष्टलिंग

लातूरच्या त्या छोट्या रेडिओ केंद्रावर नीलाबाई बावीस वर्षं नाटकांत काम करत होत्या, पण त्यांचं नाव एकदाही रेडिओवर आलं नव्हतं. बाजारातली गर्दी त्याच आणि मयताला रडणाऱ्या बायकाही त्याच. शेवटी नावं वाचली जायची तेव्हा त्या 'आणि इतर'मध्ये जायच्या. किराणा दुकानात रेडिओ लावून बसलेले त्यांचे यजमान बसवंतअप्पा दर वेळी विचारायचे, "तुझं नाव कवा येतंय?" ते नीलाबाईंना फार लागायचं.

या खेपेला मोलकरणीची दोन वाक्यं मिळाली. चित्रचोरीचं रहस्यनाटक होतं आणि तेही थेट प्रसारित होणारं. पाच वर्षांपूर्वी नांदेडहून आलेल्या व्यंकट सरांनी ते लिहिलं होतं, आणि गुप्तहेराचं कामही तेच करणार होते. शेठच्या आजीचं शंभर वर्षांचं तैलचित्र चोरीला जातं, चित्रांचा एक दलाल ते शोधून परत आणतो, आणि चोर निघतो शेठचा बिचारा ड्रायव्हर. परत आलेल्या चित्राचं गुप्तहेर वर्णन करतो: लिंगायत आजी पूजेला बसलेली, उजव्या तळहातावर इष्टलिंग, म्हणजे अंगावर धारण करायचं छोटं शिवलिंग.

तालमीतच नीलाबाई म्हणाल्या होत्या, "सर, इष्टलिंग डाव्या हातावर घेत्यात. पूजा उजव्यानं करायची."

"मावशी, रेडिओवर हात कुणाला दिसून राहिलाय?" सर म्हणाले. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. पण आधी माणूस शहाणा असावा लागतो.

शेवटच्या प्रवेशाआधी श्रोत्यांनी फोन करून चोर ओळखायचा होता. पहिलाच फोन उदगीरच्या मडिवाळप्पांचा. "चोराचं ऱ्हाऊ द्या. आजीनं इष्टलिंग उजव्या हातावर कसं घेतलं? आमच्यातलं शेंबडं पोरगंबी असं करत न्हाई." दुसऱ्या आणि तिसऱ्या फोनवरही तेच. प्रवेश सुरू झाला तरी सर नुसते कागदच चाळत राहिले.

नीलाबाईच माइकपाशी सरकल्या.

"सायेब, एक सांगू? ते चित्र मी वीस वरसं पुसलंय. आजीच्या डाव्या हातावर इष्टलिंग व्हतं. हे परत आणलेलं चित्र खोटं हाय."

बुडत्याला काडीचा आधार मिळाला. "पण मग हात उलटा कसा झाला, बाई?" सरांनी विचारलं.

"शेठ चित्रापाशीच बसून ऱ्हायचे. म्हणून दलालानं पाठ फिरवून समोरच्या आरशातलाच फोटू काढला. त्याच्यावरनं चोरीच्या आधीच नक्कल करून घेतली, मग खरं चोरलं. आरशात डावं-उजवं बदलतंय, हे इसरला. खरं चित्र त्याच्याच घरात घावंल. ड्रायव्हरला सोडा."

सरांनी हातातले कागद खाली ठेवले आणि दलालाला तिथल्या तिथे बेड्या ठोकल्या. केंद्रातला फोन वाजायचा थांबेना. उदगीर, रेणापूर, पार निलंग्याहून लोक एकच विचारत होते, ही मोलकरीण कोण?

शेवटी सर नावं वाचायला लागले आणि अडखळले. पाच वर्षं ते मावशी म्हणत आले होते. पूर्ण नाव त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. ते ओशाळून म्हणाले, "आजचा चोर ज्यांनी पकडला, त्यांनी आपलं नाव स्वतःच सांगावं." आणि आपला माइक त्यांनी पुढे केला.

"नीलाबाई बसवंत हालगे, लातूर," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. मग दुकानात ऐकत बसलेल्या यजमानांना, "ऐकलं का हो?"